डाळिंबी इंडिका: गुलालापासून दसऱ्यापर्यंत

गाडी टाटा इंडिका व्ही टू, डिझेल, 2006 सालची. मीटरवर 1 लाख 42 हजार किलोमीटर. रंग गडद डाळिंबी. गाडी बाबांची, धुणारी मी. जागा म्हणजे निगडी प्राधिकरणातल्या आमच्या घराचा पोर्च, डोक्यावर गुलमोहर. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर 2019 पासून दिवसाआड पाणी येतं, त्यामुळे पाइप लावून गाडी धुणं हा विषयच नाही. जे काय करायचं ते बादल्यांत. मुदत दसऱ्यापर्यंत, म्हणजे 12 ऑक्टोबर. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून शिकायला लागू नये म्हणून रोजच्या रोज लिहून ठेवते आहे.

शनिवार, 21 सप्टेंबर 2024

मंगळवारी अनंत चतुर्दशी झाली. गल्लीतली पोरं विसर्जनाला याच गाडीतून घाटावर गेली आणि परत आली. तेव्हापासून गाडीला कोणी हात लावलेला नाही. आज दार उघडलं तर गुलाल कुठे नाही ते सांगणं सोपं. सीटच्या शिवणीत, सीटबेल्टच्या बकलात, एसीच्या जाळ्यांत, हँडब्रेकच्या रबराच्या प्रत्येक घडीत. गिअरच्या दांड्याखाली तर चिमटीत येईल एवढा.

पाणी अजिबात वापरलं नाही. रंगकामाचा एक इंची नवा ब्रश आणि घरचा व्हॅक्यूम क्लीनर एवढ्यावरच काम केलं. एका हाताने ब्रशने गुलाल उडवायचा, दुसऱ्या हाताने नळीचं तोंड तिथेच धरायचं, म्हणजे उडालेला कण दुसरीकडे बसत नाही. कामाची दिशा वरून खाली: आधी छत, मग डॅशबोर्ड, मग सीटा, शेवटी पायातल्या जागा. सीटा पुढे-मागे सरकवून रुळांमधलंही काढलं. तिथून गुलालाबरोबर तांदूळ, दूर्वांची जुडी आणि दोन रुपयांची तीन नाणी निघाली.

ओलं फडकं का नको, याचा पुरावा मागच्या सीटवरच्या छतावर आहे. त्या रात्रीच कोणीतरी चांगल्या भावनेने ओल्या रुमालाने पुसलंय. हाताच्या पंजाएवढा गुलाबी डाग कापडात उतरला आहे. छताचं कापड खाली पातळ स्पंजाला चिकटवलेलं असतं. जोर लावून घासलं तर डाग जाण्याआधी कापड सुटतं आणि झोळी पडते. हलक्या फेसाने दोनदा टिपलं, अर्धा गेला. उरलेला तसाच ठेवणार.

वेळ पावणेतीन तास.

रविवार, 22 सप्टेंबर

सीटा धुतल्या. इथे चुकले, म्हणून सविस्तर लिहिते.

कापडी सीटवर फक्त फेस चढवायचा असतो. शाम्पूचं पाणी फेटायचं, वरचा फेस ब्रशवर घ्यायचा, घासायचं आणि लगेच कोरड्या फडक्याने मळ उचलायचा. ड्रायव्हरची सीट मी तशीच केली आणि ती संध्याकाळपर्यंत वाळली. मागच्या सीटवर मात्र वरून निघणारं पाणी चहासारखं काळपट दिसायला लागलं, तेव्हा मला वाटलं की अजून मळ आहे, अजून पाणी घालावं. घालत गेले. आतल्या स्पंजाने सगळं पिऊन घेतलं. वरून दाबलं की बोटांच्या बाजूने पाणी वर येतं. चारी काचा उघड्या, घरातला टेबल फॅन एक्स्टेंशन लावून मागच्या दारात ठेवला आहे. ऊन नाही.

बुधवार, 25 सप्टेंबर

आज पाऊस कोसळला. दिवसभर काचा बंद, आत ओली सीट. संध्याकाळी दार उघडल्यावर कुबट वास आला, ओला कपडा बादलीत दोन दिवस विसरल्यावर येतो तसा.

पण पुढे डावीकडे पायातला गालिचाही ओला होता, आणि तिथे मी पाणी घातलंच नव्हतं. बाबा म्हणाले, "वायपरखाली बघ." समोरच्या काचेच्या खाली, बॉनेटच्या मागे काळी प्लास्टिकची जाळी असते. तिच्या खालच्या पन्हळीत काचेवरून ओघळलेलं पाणी जमतं आणि दोन्ही कडांच्या भोकांतून खाली रस्त्यावर जातं. आमची पन्हळ गुलमोहराच्या पानांनी भरलेली. गुलमोहराचं पान म्हणजे तांदळाएवढ्या शेकडो पानोळ्या. त्या कुजून त्याचा लगदा झाला होता आणि डावीकडचं भोक बंद. पाण्याने मग आतली वाट धरली. मुठी भरभरून लगदा काढला, एक लोटा पाणी ओतलं, ते चाकामागून खाली पडताना दिसलं तेव्हा जीव भांड्यात पडला.

मग दारं तपासली. दाराच्या खालच्या कडेला तीन-चार छोट्या फटी असतात. काचेच्या रबरातून आत उतरलेलं पाणी त्यांतून बाहेर पडावं म्हणून त्या ठेवलेल्या असतात. तार घालू नये, रंग खरवडला जातो आणि तिथेच गंज धरतो. प्लास्टिकचा केबल टाय घातला. मागच्या डाव्या दाराची फट मोकळी झाली आणि कॉफीच्या रंगाचं पेलाभर पाणी माझ्या पायावर आलं. किती दिवसांचं होतं कोण जाणे. त्याच दाराच्या खालच्या कडेला रुपयाएवढा फुगा आहे. नखाने दाबला, पापुद्रा सुटला, खाली गंज.

गाडी बाहेरून कितीही चमकवली असती, तरी हे दार आतून जातच राहिलं असतं. दरवर्षी पावसाळ्याआधी ही भोकं बघायची, हे या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं.

शनिवार, 28 सप्टेंबर

वास गेला. गुरुवार-शुक्रवार मागच्या सीटचा बसायचा भाग काढून गच्चीवर उभा करून ठेवला होता. गालिचाखाली जुने पेपर घालून रोज बदलले.

आज पहिलं बाहेरचं धुणं. सकाळी साडेसहाला, पत्रा गार असताना. तापलेल्या पत्र्यावर शाम्पू धुवायच्या आधीच वाळतो आणि डाग पडतात.

तीन बादल्या घेतल्या, प्रत्येकी पंधरा लिटरची. एक शाम्पूची, एक हातमोजा खळबळायची, एक शेवटच्या धुण्याची. खळबळायच्या बादलीच्या तळाशी भाजी धुवायची प्लास्टिकची जाळीदार टोपली उपडी ठेवली. मोजा तिच्यावर घासला की रेती जाळीतून खाली जाते आणि वर येत नाही. सगळ्यांत आधी झाडांवर फवारायच्या नव्या कोऱ्या पंपाने गाडी भिजवली आणि पाच मिनिटं तशीच सोडली. धूळ सुटून ओघळायला तेवढा वेळ लागतो. मग मायक्रोफायबरचा मोजा घेऊन छतापासून खाली आले, सरळ रेघेत, गोल नाही. दाराचा खालचा भाग आणि बंपर शेवटी, कारण खरी रेती तिथे असते. भांड्यांचा साबण वापरला नाही, तो चढवलेलं मेण उतरवतो. पंधरा लिटरच्या तीन बादल्यांत आख्खी गाडी झाली.

धुऊन झाल्यावर बादलीच्या तळाशी टोपली उचलून पाहिली. खाली दोन चमचे तरी बारीक काळी रेती होती. हीच रेती आपण कोरड्या फडक्याने गाडीवर फिरवतो.

आता मुख्य गोष्ट. बाबा रोज सकाळी गाडी पुसतात. अठरा वर्षं, एक दिवस चुकवलेला नाही. जुन्या बनियनचं फडकं, झटकायचं आणि पुसायचं. त्या फडक्याचा फटकारा ऐकून मी शाळेच्या दिवसांत उठायचे. आज गाडी कोरडी केल्यावर मी मोबाइलचा टॉर्च बॉनेटजवळ तिरका धरला. उजेडाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे दिसले, हजारो. जिथे टॉर्च नेऊ तिथे जाळं. आणि सगळ्यांत दाट कुठे, तर ड्रायव्हरच्या दारावर आणि बॉनेटच्या उजव्या अर्ध्यावर, म्हणजे जिथे उभं राहून बाबांचा हात सहज पोचतो तिथे.

हे त्यांना कसं सांगावं कळेना. पण बाबा भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये टूलरूमला, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवायच्या विभागात होते, पस्तीस वर्षं. त्यांना मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, समजतो. म्हणून त्याच भाषेत सांगितलं. कारखान्यातून येणाऱ्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतात. त्यातला सगळ्यांत वरचा पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात, तो 40-50 मायक्रॉनचा. माणसाचा केस 70 च्या आसपास. म्हणजे अठरा वर्षं ऊन, पाऊस आणि फडकं झेलणारा तो थर केसापेक्षाही बारीक.

बाबांनी टॉर्च माझ्या हातातून घेतला. बॉनेटवर वाकून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "धूळ म्हणजे अ‍ॅब्रेसिव्हच की. मी रोज लॅपिंग करत होतो." (अ‍ॅब्रेसिव्ह म्हणजे घासणारी पूड, लॅपिंग म्हणजे तिने धातू घासून गुळगुळीत करणं.) आणि थोड्या वेळाने, "मग पुसायचं कसं ते दाखव."

दाखवलं. फवारणी पंपात एक झाकण शाम्पू घातलेलं पाणी, आधी फवारा, दोन मिनिटं थांबा. फडकं चार घड्यांचं, म्हणजे दोन्ही बाजू धरून आठ कोऱ्या बाजू मिळतात. एक बाजू एका पत्र्यावर एकदाच, मग पलटा. जमिनीवर पडलं की ते फडकं चाकांचं झालं, रंगाला पुन्हा लावायचं नाही. आणि नुसती धूळ असेल तर पुसायचंच नाही, दोन दिवस राहिली तरी बिघडत नाही. हा शेवटचा भाग बाबांना पटायला जड गेला. "दोन दिवस?" असं दोनदा विचारलं.

रविवार, 29 सप्टेंबर

चाकं. वेगळी बादली, वेगळा ब्रश, वेगळी फडकी. टायर घासताना बाजूचा मजकूर वाचता आला. डॉट या अक्षरांपुढे लंबगोलात शेवटचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. आमच्या चारही टायरवर 3416. म्हणजे 2016 सालचा चौतिसावा आठवडा. नक्षी अजून बरी आहे, पण बाजूच्या रबराला नदीच्या कोरड्या गाळासारख्या भेगा आहेत. चिखलाखाली त्या दिसत नव्हत्या.

टायर बदलायचे ठरले. आई म्हणाली, "पितृपक्ष संपू दे, मग आणा." ठीक आहे, तोपर्यंत एक्स्प्रेस वेवर जाणार नाही.

बुधवार, 2 ऑक्टोबर

गांधी जयंतीची सुट्टी आणि सर्वपित्री अमावास्या. स्वयंपाकघरात आईला माझी गरज दहानंतर, म्हणून साडेसहा ते नऊ काम केलं.

धुतलेल्या गाडीवर उघडा हात फिरवला तर गुळगुळीत लागते. हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून फिरवा, मग कळतं. बोटांना बारीक रवा लागतो. पिशवीमुळे हात सहज सरकतो आणि प्रत्येक कण जाणवतो. हे कण रंगात रुतलेले असतात, शाम्पूने निघत नाहीत. काही डांबराचे, काही झाडाच्या चिकाचे, आणि आपल्याकडे बरेचसे लोखंडाचे. ब्रेकमधून उडतात, एमआयडीसीतल्या ग्राइंडिंगमधून उडतात, रंगावर बसतात आणि तिथेच गंजतात.

डांबराला डिझेल. कापसाचा बोळा डिझेलमध्ये भिजवून डागावर अर्धा मिनिट धरला, डांबर विरघळून तपकिरी ओघळ आला, लगेच शाम्पूने ती जागा धुतली. लोखंडाला मारायचं एक द्रावण मिळतं. लोखंडाशी गाठ पडली की ते जांभळं होतं. आमच्या डाळिंबी रंगावर ते नीट दिसत नाही, पण चाकाच्या चंदेरी कव्हरवर मारलं आणि मिनिटभरात जांभळे ओघळ सुटले, जांभूळ खाऊन थुंकावं तसे. वास सडक्या अंड्याचा. हातमोजे आणि उघडी हवा हवीच. वाळू न देता धुवायचं.

उरलेल्याला क्ले. लहानपणी खेळायचो त्या मातीसारखाच गोळा. चपटा करायचा, पत्रा शाम्पूच्या पाण्याने निसरडा ठेवायचा आणि गोळा फक्त सरकवायचा, दाबायचा नाही. सुरुवातीला खरखर आवाज येतो आणि हाताला अडखळतं. पाच-सहा फेऱ्यांनंतर आवाज थांबतो. आवाज थांबला की ती जागा झाली. बॉनेटचा पाव भाग झाल्यावर गोळा उलटून पाहिला, पिवळट गोळ्यावर राखेसारखा काळपट थर. तो आत दुमडून नवी बाजू काढली. शेवटी मागच्या दाराजवळ हातातून निसटून फरशीवर पडला. अर्धा उरला होता, तरी टाकला. त्याला चिकटलेली रेती आता कधीच निघणार नाही.

गंजाच्या फुग्याचं काम बाबांनी केलं. चकचकीत पत्रा लागेपर्यंत पॉलिश पेपरने घासून रेड ऑक्साइडचं अस्तर, त्यावर डबीतला रंग. रंग थोडा वेगळा दिसतो, पण दाराच्या खालच्या कडेला आहे आणि गंज थांबलाय.

शनिवार, 5 ऑक्टोबर

परवा घट बसले. आज पॉलिश.

मावसभावाकडून पॉलिशिंगचं मशीन आणलं, ड्युअल अ‍ॅक्शनचं. त्याची चकती फिरते आणि डोलतेही, त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही. नुसतं गरगर फिरणारं मशीन नवख्या हातात रंग जाळू शकतं. पत्र्याच्या सगळ्या कडांना आणि घडीच्या रेघांना मास्किंग टेप लावली, रंग कडेला सगळ्यांत पातळ असतो.

आधी एका जागी नमुना. बॉनेटवर दोन फूट बाय दोन फूट, सगळ्यांत सौम्य पॉलिश, मऊ पॅड, वाटाण्याएवढे चार थेंब. मशीन सावकाश, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढवत. मध्येच थांबून तळहात लावून पाहायचं, कोमट चालेल, चटका नको. चार फेऱ्यांनंतर पुसलं, टॉर्च धरला. जाळं बरंच गेलं होतं. टेपच्या या बाजूचा डाळिंबी आणि त्या बाजूचा डाळिंबी हे दोन वेगळे रंग वाटत होते. इकडे माझा चेहरा दिसत होता, तिकडे नुसता उजेड पसरलेला.

मग छताकडे वळले आणि थांबावं लागलं. हाताने थोडं पॉलिश लावून पांढऱ्या फडक्याने पुसलं तर फडकं लाल झालं. बॉनेटवर फडक्याला रंग आला नव्हता. म्हणजे छतावर पारदर्शक थर नाहीच, मी थेट रंग घासत होते. बाबांना विचारलं तेव्हा आठवलं, 2015 साली फांदी पडून छताला पोचा आला होता, तेव्हा रंगाऱ्याकडून छत रंगवून घेतलं. बाहेरून सारखंच दिसतं, फडक्याने सांगितलं तेव्हा कळलं. छतावर मशीन लावलं नाही. हाताने एक हलकी फेरी, तेवढीच.

उरलेल्या खोल ओरखड्यांवर बाबांशी बोलणं झालं. नख आडवं फिरवायचं. नख अडकत नसेल तर पॉलिशने जाईल. अडकलं तर तो ओरखडा खोल गेलाय. मी म्हटलं, जरा कडक पॅडने आणखी दोन फेऱ्या मारल्या तर निदान फिके होतील. बाबा म्हणाले, "ओरखडा कुठे काढतेस तू? तू आजूबाजूचं मटेरियल उतरवतेस, तो खोल आहे म्हणून सगळा जॉब खाली आणतेस. जॉबवरचं मटेरियल एकदा गेलं की परत येत नाही." (त्यांच्या भाषेत जॉब म्हणजे हाताखालची वस्तू.) पॉलिश म्हणजे नेमकं काय, हे इतक्या दिवसांच्या वाचनातून मला इतकं स्वच्छ कळलं नव्हतं.

तिथेच ठरवलं. सौम्य पॉलिशची एक फेरी, जे जाईल ते जाईल. ड्रायव्हरच्या दाराच्या मुठीभोवती बाबांच्या अंगठीचे ओरखडे आहेत, नख अडकतं. ते राहतील.

वेळ साडेपाच तास, मध्ये जेवण. हात रात्रीपर्यंत थरथरत होते.

रविवार, 6 ऑक्टोबर

हेडलाइट. आजचं काम बाबांचं, मी पाणी मारायला.

पुढच्या दिव्यांचं झाकण काचेचं नसतं, पॉलिकार्बोनेटचं असतं. अतिनील किरणांपासून वाचवायला त्यावर पातळ लेप दिलेला असतो. तो उन्हाने मरतो आणि खालचं प्लास्टिक पिवळं पडतं. टूथपेस्टने घासल्यावर दिवे दोन आठवडे बरे दिसतात, कारण मेलेला लेप तसाच राहतो. लेप पूर्ण उतरवावा लागतो.

दिव्याभोवती टेपचे तीन थर. वॉटर पेपर 800, 1500, 2000, 3000 (आकडा जितका मोठा तितका पेपर बारीक), प्रत्येक आधी दहा मिनिटं पाण्यात बुडवलेला. बाबांनी पेपर रबराच्या तुकड्यावर गुंडाळला. 800 ने आडवं, 1500 ने उभं. "आधीच्या रेघा दिसेनाशा झाल्याशिवाय पुढचा पेपर घ्यायचा नाही. दिशा बदलली की उरलेली रेघ लगेच दिसते." पहिल्या पेपरखालून दुधात हळद घातल्यासारखं पाणी ओघळलं. ते पिवळं होतं तोवर लेप निघतोय. पुढे नुसतं पांढरं झालं, तेव्हा बाबांनी पेपर बदलला. 800 नंतर दिवा साफ आंधळा दिसतो आणि पहिल्यांदा करणाऱ्याला वाटतं की सगळं बिघडलं. 3000 नंतर धुकट, आणि पॉलिशच्या पहिल्या हातासरशी आतला बल्ब दिसला.

निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण हात तसाच चालतो, कोपर शरीराला टेकलेलं आणि मनगट स्थिर. मी फक्त पाणी मारलं आणि पाहत राहिले.

वरून अतिनील किरणांना रोखणारा लेप दिला. हा टप्पा चुकवला तर काही महिन्यांत दिवे पुन्हा पिवळे. रात्री बोगद्याच्या रस्त्याने फेरी मारली. उजेड रस्त्यावर पडतो आहे, आधी तो दिव्यातच अडकायचा.

मंगळवार, 8 ऑक्टोबर

चार नवे टायर. अलाइनमेंट केली.

गुरुवार, 10 ऑक्टोबर

काल रात्री रतन टाटा गेले. आज राज्यात दुखवटा आहे. सकाळी बाबा पोर्चमध्ये खुर्ची टाकून गाडीकडे बघत बसले होते, पेपर मांडीवर.

इंडिका 1998 च्या डिसेंबरात बाजारात आली, पिंपरीतच बनलेली. तेव्हा बाबांच्या वर्कशॉपमध्ये गाड्यांच्या छोट्या पार्टची प्रेस टूल्स, म्हणजे पत्रा दाबून आकार द्यायचे साचे, बनायची. आपल्या देशात विकसित केलेली गाडी रस्त्यावर धावते म्हटल्यावर भोसरीत लोक ती पाहायला रस्त्यावर आले होते, असं बाबा सांगतात. घ्यायला आणखी आठ वर्षं गेली. आज त्यांनी एवढंच म्हटलं, "लाइट लागलेत का बघ जरा," आणि मी दिवे लावले.

काम काही केलं नाही.

शुक्रवार, 11 ऑक्टोबर

पहाटे धुणं, मग मेण. कार्नोबा मेण ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळतं, ते पेस्टमध्ये घातलेलं असतं. थर जितका पातळ तितका बरा. जाड लावलं तर पुसताना त्रास होतो आणि चमक वाढत नाही. स्पंजाला जेमतेम लागेल एवढं घेऊन अर्धी गाडी झाली. बोटाने रेघ ओढून पाहायची, रेघ स्वच्छ उमटली की पुसायला घ्यायचं. छतावर दोन हात दिले, तासाभराच्या अंतराने, कारण तिथे आता मेणाशिवाय दुसरं संरक्षण नाही.

काचा पाणी आणि व्हिनेगर समसमान घेऊन, जुन्या पेपरने. बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके त्यानेच गेले. बाहेरून आडवं पुसायचं, आतून उभं. मग फराटा राहिलाच तर तो कुठल्या बाजूचा आहे हे दिशेवरून कळतं. डॅशबोर्डला चकचकीत करणारं काही लावलं नाही, त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडतं. नुसतं ओलं फडकं. स्टिअरिंग आणि पेडल यांना तर तेलकट काहीच नको.

संध्याकाळी फवारा मारून पाहिला. पाणी मण्यांसारखं उभं राहिलं आणि बॉनेटवरून घरंगळलं.

शनिवार, 12 ऑक्टोबर, दसरा

पूजेत बाबांचा मायक्रोमीटर, पान्यांचा संच, आणि यंदा पॉलिशचे पेपरही. झेंडूचा हार दोरीने बांधला, तारेचा आणला नाही. चाकांखाली लिंबं.

बाबा हळद-कुंकवाची वाटी घेऊन बॉनेटपाशी उभे राहिले आणि माझ्याकडे बघितलं. "इथे काढू ना? की काचेवर काढू?" अठरा दसरे स्वस्तिक बॉनेटवरच निघालं आहे. म्हटलं, "बाबा, बॉनेटवरच काढा." त्यांनी बोट एकदा पाण्यात बुडवून घेतलं, हळद कोरडी फिरू नये म्हणून.

रविवार, 13 ऑक्टोबर

सकाळी हार काढला. फुलांच्या पाण्याचे पिवळे ओघळ एका ओल्या फडक्यात गेले, मेणाचा उपयोग दिसला. कुंकूही गेलं. हळदीचं स्वस्तिक पुसट राहिलं आहे. डाळिंबीवर तिरकं पाहिलं तर दिसतं. मी शाम्पू आणायला वळले, तर आई दारातून म्हणाली, "घासू नकोस. हळदीला ऊन दाखव, आपोआप उडते." साडीवरचे, टेबलक्लॉथवरचे डाग तिने आयुष्यभर असेच घालवलेत.

गाडी पोर्चमधून पुढे घेऊन उन्हात लावली. बाबांनी फवारणी पंप भरून ठेवला आहे, पण आज धूळ कमी आहे म्हणून हात लावलेला नाही.

राहिलेलं: स्टेपनीच्या खोबणीतलं पाणी आणि गंज बघणं, गुलमोहराची पोर्चवर आलेली फांदी छाटून घेणं. पुढचं धुणं 26 ऑक्टोबर, शनिवार.